उशिरा पोचणारं ऊन

दिनदर्शिकेत सूर्योदय सहा वीसचा छापलेला असतो. तो सपाट क्षितिजाचा हिशेब. नदीच्या खोऱ्यात तळाशी उभं राहिलं तर त्या वेळेला फक्त आकाश उजळतं. मग पश्चिमेकडच्या कड्याच्या माथ्यावर पिवळी रेघ उमटते, ती हळूहळू खाली सरकू लागते, आणि पाण्याला ऊन शिवतं तेव्हा साडेसात वाजायला आलेले असतात. मधला तास धड रात्रीचा नसतो, धड दिवसाचा नसतो. खोऱ्यांवर जे चांगलं लिहिलं गेलं, चांगलं टिपलं गेलं, त्यातलं बरंचसं या मधल्या तासाचं आहे असं माझं मत आहे. आणि हा तास फक्त उन्हाचा नव्हे. खोऱ्यात आवाज उशिरा परततो, धुकं उशिरा उठतं, वर कुठेतरी पडलेला पाऊस काही तासांनी खाली पोचतो. एखादी गोष्ट घडते एकीकडे आणि कळते दुसरीकडे. लिहिणाऱ्याला आणि कॅमेरेवाल्याला शिरायला जागा मिळते ती या दोन्हींच्या मधल्या फटीत.

‘नदी प्रेरणा देते’ हे वाक्य वापरून वापरून पात्रातल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालंय. कुठे उभं राहिल्यावर देते, किती वाजता देते, आणि तिथे जाऊन आलेल्या बहुतेकांच्या हाती तेच ते चार फोटो आणि त्याच त्या चार ओळी का लागतात, हे विचारलं तर मात्र बोलण्यासारखं बरंच आहे.

उन्हापासून सुरुवात करू, कारण ते मोजता येतं. हात पूर्ण ताणून मूठ डोळ्यांसमोर धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. डोळ्यांच्या पातळीपासून पूर्वेकडच्या डोंगरमाथ्यापर्यंत दीड मूठ बसली तर १५ अंश. दिवसरात्र सारखे असतात त्या सुमारास उष्ण कटिबंधात सूर्य उगवल्यावर तासाला सुमारे १४ अंश चढतो. म्हणजे तळात ऊन यायला तासाहून थोडा जास्त वेळ. ६० अक्षांशावर सूर्य तिरका चढतो, तिथे तोच डोंगर दोन तास खातो. आणखी अरुंद खोरं असेल तर हिवाळ्यात ऊन तळाला लागतच नाही. नॉर्वेतलं र्‍युकान हे गाव असं आहे: सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत तिथे थेट ऊन पडत नाही. २०१३ मध्ये गावावरच्या डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याच्या मागे फिरत राहतात आणि खाली चौकात उन्हाचा एक तुकडा टाकतात. फोनमधली बरीचशी ॲप्स मात्र सपाटीवरचीच वेळ सांगतात. त्या वेळेवर भरवसा ठेवून पहाटे आलेले लोक तासभर कुडकुडतात, ‘आज उजेडच नाही’ म्हणतात, आणि ऊन उतरायच्या दहा मिनिटं आधी सामान आवरतात.

खरं तर त्या तासभरात उजेड असतो, आणि तो दोन रंगांचा असतो. तळ फक्त आकाशाच्या निळ्या उजेडाने उजळलेला. त्याचं रंगतापमान (आकडा जितका मोठा तितका उजेड निळा) ७,००० केल्विनच्या पुढे, कधी १०,००० पर्यंत. समोरचा कडा थेट उन्हात, पिवळा-नारिंगी. आणि मध्ये पाणी. ते स्वतः सावलीत असतं, पण प्रतिबिंब दाखवतं उन्हातल्या कड्याचं. काळ्या-निळ्या दगडांमधून हळदीचं पाणी वाहावं तसं दिसतं ते. हे दिसण्यासाठी खाली वाकावं लागतं. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं, पण पृष्ठभागाशी १० अंशांच्या तिरक्या नजरेतून पाहिलं तर ३५ टक्क्यांच्या आसपास. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणला की पाणी पेटतं. तेच पाणी उभ्याने टिपलं की काळपट, मेलेलं. लिहिणाऱ्यालाही हे लागू आहे. काठावर उभं राहून पाहिलेली नदी आणि काठाशी उकिडवं बसून पाहिलेली नदी या दोन वेगळ्या नद्या असतात.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, ऑटो व्हाइट बॅलन्स. कॅमेऱ्याला तो निळा रंग दोष वाटतो आणि तो काढून टाकतो. निळा गेला की पिवळ्यातली जानही जाते. म्हणून व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर बांधून ठेवायचा. दुसरी चूक पोलरायझर या फिल्टरची. पाण्याचा फोटो म्हटलं की पोलरायझर, असं कुणीतरी शिकवलेलं असतं. तो पृष्ठभागावरची चमक पुसतो, आणि सगळ्यात जोरात पुसतो तो पाण्याशी ३७ अंशांच्या आसपासच्या कोनातून पाहताना. तळाचे गोटे दाखवायचे असतील तर तो हवाच, ओली पानं टिपतानाही हवा. पण इथे जी चमक टिपायची आहे तीच तो खातो, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो ते वेगळंच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं).

माथ्यावरचं ऊन आणि तळातली सावली यांत सहा-सात स्टॉपचा फरक सहज पडतो. समुद्रावर ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे वरून गडद आणि खालून कोरी काच, चालतो, कारण तिथलं क्षितिज सरळ. खोऱ्यात आकाश असतं पाचरीसारखं. फिल्टरची आडवी रेघ दोन्ही डोंगरांना मध्येच कापते आणि माथे काजळी फासल्यासारखे दिसतात. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घेऊन त्या नंतर जोडता येतात. त्याहून बरा उपाय म्हणजे आकाश फ्रेमबाहेर ठेवणं. खोऱ्यात माणसाला जो दाब जाणवतो, दोन्हीकडून वेढल्याचा, तो आकाश कापल्यावरच फोटोत उतरतो. अर्धी फ्रेम ढगांना दिली की ते खोरं राहत नाही, पिकनिक स्पॉट होतो.

सावलीची कड पात्रावरून सरकते तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. कडा ३०० मीटर उंच आणि सूर्य १५ अंशांवर असेल तर सावली साधारण ११०० मीटर लांब पडते, आणि ती मिनिटाला जवळपास १८ मीटरने मागे हटते. ४० मीटर रुंदीचं पात्र ती दोन-सव्वादोन मिनिटांत ओलांडते. सुरुवातीला पलीकडच्या थडीवरच्या ओल्या दगडाचं फक्त टोक चमकतं. मग त्या दगडामागच्या पाण्यातली घडी उजळते. मग प्रवाहात उभी असलेली गवताची काडी, तिच्यावरची कोळ्याची तार, तारेवरचं दव. सावलीची कड अस्पष्ट असते, बोटाने पुसलेल्या रेघेसारखी, आणि ती ज्या वस्तूवरून जाते तिला क्षणभर दोन रंग असतात. ती पायाशी पोचते तोवर पलीकडचा दगड सुकायला लागलेला असतो. सगळं घडतं दोन मिनिटांत. लेन्स बदलत बसणाऱ्याच्या हातून ते जातं. म्हणून फ्रेम आधी बांधायची, फोकस हाताने लावून ठेवायचा, आणि मग वाट पाहायची.

खोऱ्याची दिशा कोणती यावर बरंच अवलंबून असतं. उत्तर-दक्षिण खोऱ्यात ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. सकाळी पश्चिमेचा कडा उजळतो, संध्याकाळी पूर्वेचा. पूर्व-पश्चिम खोऱ्यात वर्षातले काही दिवस सूर्य नदीच्या ओळीतच उगवतो किंवा मावळतो, आणि पाणी पात्राच्या लांबीभर उजळतं. शिवाय अशा खोऱ्याचे दोन उतार सख्खे असून सावत्र वाटतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेला उतार कोरडा, उघडा; समोरचा ओला, दाट, शेवाळलेला. एकाच पाण्याला दोन ऋतूंचे काठ. कथालेखकाला याहून जास्त आयतं काय हवं?

धुक्याबद्दल लोक नशिबाची भाषा बोलतात. ते बरंचसं अंदाजाने गाठता येतं. आदल्या दिवशी पाऊस किंवा निदान ओल, संध्याकाळी मोकळं झालेलं आकाश, पडलेला वारा, आणि हवेचं तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते) यांत संध्याकाळीच दोन-तीन अंशांचा फरक उरलेला: एवढं जुळलं की पहाटे धुकं मिळण्याची शक्यता चांगली. रात्री उतारांवरची हवा थंड होऊन जड होते, पाण्यासारखीच घळींमधून खाली वाहते आणि तळात साचते. वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. नदी ओल पुरवत राहते. रात्री ढग आले तर जमीन थंडच होत नाही, वारा सुटला तर वरची कोरडी हवा मिसळते. दोन्हीत धुकं फसतं. अगदी निपचित हवेत कधीकधी नुसतं दव पडून भागतं.

वरून धुक्याचा समुद्र टिपायचा असेल तर झाकणाच्या वर चढावं लागतं. ते कधी १०० मीटरवर असतं, कधी ३०० वर, आणि ते पहाटेच कळतं, म्हणून दोन-तीन उंचीच्या जागा आधी हेरून ठेवाव्यात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धुक्याला राखाडी करतो. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. लेन्सच्या काचेवर दव बसतं आणि ते स्क्रीनवर कळत नाही, घरी आल्यावर कळतं. दर काही फ्रेमनंतर काच पुसायची, मधल्या वेळेत लेन्सचं तोंड खाली. ऊन आलं की उतार तापतात, धुकं कडांकडून विरतं किंवा आख्खं उचलून ढग होतं. याला एक ते तीन तास लागतात, आणि सगळ्यात चांगले फोटो या विरण्याचे असतात, दाट धुक्याचे नव्हेत. दाट धुक्याचा फोटो म्हणजे कोरा कागद.

शब्दांत काम करणाऱ्याला मात्र दाट धुकंच जास्त शिकवतं. धुक्यात गोष्टी एका ठरावीक क्रमाने येतात: आधी आवाज, मग आकार, मग नाव. आधी पाणी कापल्याचा चुबुक चुबुक आवाज, मग काहीतरी लांबट काळं, मग होडी. बहुतेक वर्णनं फसतात ती इथे. ‘धुक्यातून एक होडी येत होती’ असं लिहिलं की धुकं संपलं. वाचकाला होडी आधीच दिसली. वाक्यातली नामं उशिरा आणायची एवढं जरी जमलं तरी अर्ध वातावरण आपोआप उभं राहतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, विशेषणांना थांबवून धरता येतं, तेव्हा हे आपल्या भाषेला सोपं जायला हवं. तरी आपण घाई करतो.

वाऱ्याचं थोडक्यात. दिवसा उतार तापले की वारा खोऱ्यातून वर जातो, रात्री खाली येतो. सकाळी या दोन्हींच्या अदलाबदलीत थोडा वेळ हवा थांबते, आणि तेवढ्यापुरता डोह आरसा होतो. उतारांवर ऊन स्थिरावलं की पहिली सुरकुती उठते. त्यानंतर प्रतिबिंबाच्या नादी लागू नये.

आता आवाज. पाणी दगडावर आपटतं म्हणून खळखळ होते असं वाटतं. ते पुरतं खरं नाही. मार्सेल मिनार्ट या डच खगोलशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवलं की वाहत्या पाण्याचं गाणं हे त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचं असतं. बुडबुडा जन्मतो तेव्हा तो थरथरतो, आणि त्याच्या आकारावर सूर ठरतो: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला तीन हजारांहून थोडी अधिक कंपनं करतो, मोठा असेल तर सूर खाली. म्हणून उथळ खळाळाचा आवाज किणकिणता, मोठ्या धबाबा पडणाऱ्या पाण्याचा खर्जातला, आणि खोल, संथ डोह जवळजवळ मुका. डोहाला ‘खळखळणारा’ म्हणणारी कविता घरात बसून लिहिलेली असते, हे ओळखायला एवढं पुरे.

लांब एक्स्पोजरचं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढायचं, जे वेड आहे त्याबद्दलही इथेच बोलायला हवं. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच, लावला की १/३० सेकंदाचे ३० सेकंद होतात आणि पाण्याचं दूध होतं. बुडबुडे गेले, घड्या गेल्या. ज्यातून आवाज येत होता तेच पुसलं गेलं. असे फोटो शांत वाटतात ते याचमुळे, आणि कंटाळवाणेही याचमुळे. पाव ते अर्ध्या सेकंदात पाण्याचे धागे दिसतात आणि त्याची ओढही कळते. १/१००० ला थेंब दगडासारखे थिजतात. माझा कल पाव सेकंदाकडे. त्यासाठी पहाटेच्या सावलीत बहुतेकदा फिल्टरही लागत नाही. ट्रायपॉडचे पाय प्रवाहात रोवले तर पाण्याच्या धडकेने ते बारीक थरथरतात आणि फोटो नकळत हलतो. दगड शोधून त्यावर टेकवावेत. वाळूत रोवायचे असतील तर फ्रेम लावण्याआधी दाबून घ्यावेत, नाहीतर ते खचत राहतात. परतल्यावर पायांच्या कुलपांतली रेती धुवायची, ती तशीच ठेवली की पुढच्या खेपेला कुलूप गच्च बसलेलं असतं.

रात्री ऊबदार हवेचं झाकण बसलेलं असलं की आवाज वर न जाता खाली वळतो, आणि पैलथडीवरचं बोलणं शेजारच्या खोलीतल्यासारखं ऐकू येतं. दिवसा तेच बोलणं वर उडून जातं. आणि प्रतिध्वनी: १७० मीटरवरच्या कड्यावरून हाक एका सेकंदात परत येते, ३४० मीटरवरून दोन सेकंदांत. शब्दाचा शेवट आधी संपतो आणि मग त्याची सुरुवात परत ऐकू येते.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने कवितेतल्या सूचित अर्थाला जे नाव दिलं ते ‘ध्वनी’ हेच आहे, हा मला योगायोग वाटत नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचं उदाहरण म्हणून जी गाथा घेतली ती महाराष्ट्री प्राकृतातली, आणि घडते ती गोदावरीच्या काठच्या झाडीत. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं गोदेच्या काठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने मारलं. शब्द म्हणतात, फिरा. पण कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंहाच्या जाळीत कशाला जाईल? तिला काठावरचं तिचं संकेतस्थळ रिकामं हवं आहे. हा दुसरा अर्थ शब्दांच्या मागून, अंमळ उशिरा पोचतो, कड्यावरून परतलेल्या हाकेसारखा. आणि त्या गाथेत गोदावरीच्या सौंदर्याचा एक शब्द नाही. नदी तिथे लपायची जागा आहे, बस्स. खोऱ्याचा असा वापर करणं आज कितीजणांना सुचतं?

जपानी कवी मात्सुओ बाशोचं उदाहरणही याच जातीचं आहे. १६८९ मध्ये तो मोगामी नदीच्या काठी ओइशिदाला थांबला होता. तिथल्या कवींच्या बैठकीत त्याने हायकू केली: पावसाळ्याचं पाणी गोळा करणारी मोगामी ‘शीतल’ आहे. यजमानांना शोभेलसा शब्द. पुढे तो होडीतून त्याच नदीने गेला, पावसाने फुगलेली, आणि प्रवासवर्णनात ती हायकू आली तेव्हा ‘शीतल’च्या जागी ‘वेगवान’ होतं. बाकी शब्द तेच. काठावर बसून दिसली ती थंड नदी, अंगाखाली आली तेव्हा कळला तो वेग. एका शब्दाची दुरुस्ती, पण त्यासाठी पाण्यात उतरावं लागलं.

लिहिणाऱ्याला नदीच्या अंगाचे शब्द हवेत, आणि मराठीत ते भरपूर आहेत. डोह आणि खळाळ, उतार (नदी पायी ओलांडायची उथळ जागा) आणि भोवरा, ऐलथडी-पैलथडी, दरड, कपार, घळ, रांजणखळगे, पुराने आणून टाकलेल्या गाळाची मळई, पात्रातलं वाळवंट. हे शब्द नुसते शोभेचे नाहीत, त्यांना जागा ठरलेल्या आहेत. नदी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूची थडी कापली जाते, तिथे पाणी खोल आणि दरड उभी. आतल्या बाजूला वाळू साचते, तिथे पाणी उथळ. बाहेरच्या वळणाला वाळवंट लिहिणारा माणूस नदीवर गेलेला नसतो. आणि फोटोसाठी त्या बाहेरच्या दरडीच्या टोकावर उभं राहणाऱ्याला ती खालून पोखरलेली असते हे माहीत नसतं. गोट्यांच्या पात्रात खळाळ आणि डोह यांची आलटापालट असते; एका खळाळापासून पुढच्या खळाळाचं अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण पाच ते सातपट. ओवीत तीन लांब चरणांनंतर चौथा आखूड येतो आणि श्वास टेकतो, तसं काहीसं. काठाने चालत गेलं की ही लय पायांना कळते, गाडीतून कळत नाही.

गाडी थांबते ती वरच्या वळणावर, जिथे कठडा बांधलेला असतो. वरून पाहणं हलकं आहे असं नाही. कालिदासाच्या मेघाला नर्मदा वरूनच दिसते: विंध्याच्या पायथ्याशी खडबडीत दगडांवर फुटून पसरलेली, हत्तीच्या अंगावर भस्माचे पट्टे ओढावेत तशी. ही उपमा काठावरून सुचूच शकली नसती. नागमोडी वळण दिसायलाही उंची लागते. खालून त्याची नुसती चकाकती पट्टी होते. अडचण एवढीच की कठड्यावरून प्रत्येकाला तेच दिसतं. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड आणि वेल्समधल्या वाय नदीवर ‘चित्रासारखी’ दृश्यं पाहायला जायची फॅशन आली, ती विल्यम गिल्पिन या पाद्र्याच्या १७८२ मध्ये छापलेल्या पुस्तकामुळे. त्याने खोऱ्याची फोड रंगमंचासारखी केली होती: पाणी म्हणजे मंच, दोन काठ म्हणजे बाजूचे पडदे, आपण म्हणू विंगा, आणि नदी वळते तिथे समोर येणारा पडदा. ही फोड आजही फ्रेम लावायला कामाची आहे. गंमत म्हणजे टिंटर्नच्या पडक्या मठाचे त्रिकोणी माथे त्याला फार नीटनेटके वाटले. हातोडा जपून वापरला तर ते सुधारतील असं त्याने लिहून ठेवलं. त्या काळचे हौशी लोक निसर्गाकडे पाठ करून हातातल्या काळपट आरशात दृश्य पाहायचे. फोनकडे बघून हसण्याआधी हे आठवावं.

त्याच मठाच्या वरच्या अंगाला विल्यम वर्डस्वर्थ १७९३ मध्ये आला होता. पाच वर्षांनी, १७९८ च्या जुलैत, बहिणीबरोबर पुन्हा आला. कविता झाली ती दुसऱ्या खेपेला, तीही तिथे बसून नव्हे: टिंटर्न सोडल्यावर चालताना सुरू झाली, ब्रिस्टलला पोचेपर्यंत डोक्यातच पुरी झाली, आणि मगच कागदावर आली. मठाचं नाव शीर्षकात आहे, कवितेत मठ नाहीच. पहिल्या खेपेला पाहिलेलं आणि दुसऱ्या खेपेला दिसलेलं यांतली तफावत हाच तिचा विषय.

दुसरी खेप महत्त्वाची, पण तीही जपून करावी लागते. फोटोग्राफरने त्याच जागेवर परत उभं राहायचं म्हणजे अंदाजाने नव्हे. जुन्या फोटोत जवळचा एक दगड आणि लांबचा एक सुळका यांची कड कुठे जुळते ते पाहायचं. तसंच जुळेपर्यंत डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली सरकायचं. महिना आणि तास तोच धरायचा, नाहीतर सावल्या खोटं बोलतात. १८७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवर काढलेले फोटो १९६८ मध्ये असेच त्याच जागांवरून पुन्हा काढले गेले. शतकभरात काही ठिकाणी दगडन्‌दगड जागेवर होता, काही ठिकाणी खोरंच धरणाच्या पाण्याखाली गेलेलं होतं. एकोणीसशे बेचाळीसमध्ये ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने स्नेक नदीचं जे वळण टेटन पर्वतांसमोर टिपलं, त्या जागी आज उभं राहिलं तर मधली झाडं वाढून वळणाचा बराचसा भाग झाकलेला दिसतो. आणि ग्लेन कॅन्यन या दरीचे एलियट पोर्टरचे रंगीत फोटो पुस्तकरूपाने आले ते १९६३ मध्ये, म्हणजे धरणाचे दरवाजे बंद होऊन पाणी चढायला लागलं त्याच वर्षी.

वहीत काय लिहावं हा प्रश्न नेहमी विचारला जातो. विशेषणं नकोत, ती घरी मुबलक मिळतात. वेळ, वाऱ्याची दिशा, पाणी कोणत्या दगडापर्यंत आहे, त्याचा रंग, कुठून कोणता आवाज, ऊन कुठवर उतरलंय. आणि काठावरच्या झाडांकडे वर पाहायचं. डोक्याच्याही वर, फांदीच्या बेचक्यात, वाळलेल्या गवताचा, काटक्यांचा, चिंध्यांचा गुंता अडकलेला दिसतो. एखादी प्लॅस्टिकची पिशवी, एका बाजूला कललेली. सगळ्या काड्या एकाच दिशेला विंचरलेल्या, कारण पाणी त्या दिशेने गेलं. ही गेल्या पुराची खूण. खाली पाणी घोट्याएवढं, आणि खूण दोन पुरुष उंचीवर. एवढं एक वाक्य वहीत नीट उतरलं तर नदीच्या रौद्र रूपावर परिच्छेद लिहायची गरज पडत नाही.

पुढची खूण कधी लागेल ते मात्र खोऱ्यात उभ्या माणसाला दिसत नाही. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने येत असेल तर ५० किलोमीटर वर पडलेल्या पावसाला खाली यायला सात तास लागतात. तोवर तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि उजेड फार सुंदर असतो. म्हणून सामान मांडण्याआधी पाण्याच्या कडेला एक ओळखू येईलसा दगड ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे नजर टाकायची. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहत आल्या, आवाज खर्जात उतरला, किंवा दगड भिजला, की ट्रायपॉडची घडी घालत बसायचं नाही. उचलायचा तसाच, आणि काठाकाठाने न पळता सरळ उतार चढायचा.